भाषेवर वर्ष घालवावं का? शिरपूरच्या एका वडिलांना उत्तर

शिरपूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय: "मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली आहे, दोन वर्षं धुळ्यात खाजगी दवाखान्यात नोकरी केली. जर्मनीला जायचं तर आधी वर्ष-सव्वा वर्ष जर्मन शिका म्हणतात. धाकटा आयटीआय वेल्डर आहे. त्याला आखातात लगेच काम मिळतंय, तिथे भाषेची अटच नाही. एवढा वेळ आणि पैसा भाषेत घातला तर कमाई खरंच वाढते, का हे सगळं क्लासवाल्यांचं बोलणं?"

भाऊ, मी स्वतः क्लासवालीच आहे, ते आधी सांगते. बावीस वर्षं धुळ्यात इंग्रजी आणि जर्मन शिकवतेय, बाहेर जाणाऱ्या मुलामुलींचे कागद तपासून देते. माझं घर यावर चालतं, म्हणून माझं म्हणणं आणखी दोन ठिकाणी विचारून पडताळून घ्या.

मुलीच्या बाबतीत ते वर्ष वाया जात नाही, कारण तिच्या कामात भाषा हाच परवाना आहे. मुलाच्या पहिल्या पगारात मात्र भाषेमुळे रुपयाचाही फरक पडणार नाही. त्याचा फरक नंतर पडतो, आणि तो पगाराच्या आकड्यात कमी, कपातीत आणि बढतीत जास्त दिसतो. हे असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे समोरच्या एजंटाला काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

माझं लहानपण सुरतला लिंबायतमध्ये गेलं. वडील अमळनेर तालुक्यातले, कोरडवाहू जमीन. गावच्या आणखी चौघांबरोबर ते ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं उधन्याला उतरले आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागले. पगार मीटरवर, आणि डाग पडलेल्या कापडाची कपात त्यातून. हिशोबाची वही गुजरातीत. वडील चौथी शिकलेले. त्यांच्या लक्षात आलं की ही अक्षरं बरीचशी आपलीच आहेत, फक्त डोक्यावरची रेघ काढलेली. अ, क, ज यांसारखी काही तेवढी वेगळी. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत दोन महिन्यांत ते वही वाचायला लागले. मग कळलं की रात्रपाळीच्या डागांची कपातही त्यांच्याच नावावर मांडली जात होती. त्यांनी भांडण केलं नाही. वही पुढ्यात धरून, मोडक्यातोडक्या गुजरातीत, तारखेवर बोट ठेवून शेठला दाखवलं. पुढच्या महिन्यापासून ती कपात बंद झाली. काही वर्षांनी ते त्याच खात्यात मास्टर झाले. त्या चौघांतला एक जण वडिलांपेक्षा चांगला कारागीर होता, हे वडील स्वतः सांगायचे. पण शेठपुढे त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. तो शेवटपर्यंत लूमवरच राहिला.

भाषेचा आणि कमाईचा संबंध मी या घरातल्या गोष्टीवरून शिकले. भाषा येत नसली म्हणजे काम मिळत नाही असं नाही. काम मिळतं. पण ते दुसऱ्याच्या तोंडून मिळतं, आणि तो आपल्या तोंडाचं मोल लावतो.

याचं सगळ्यात कडू रूप धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात बघायला मिळतं. दिवाळी झाली की तिथली कुटुंबं दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे उसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, अशा कित्येक कोयत्यांची एक टोळी. घरात पावरी नाहीतर भिली बोलतात. कारखान्याच्या माणसाशी गुजरातीत बोलू शकणारा टोळीत बहुतेक वेळा एकच, तो म्हणजे मुकादम. उचल किती घेतली, किती फिटली, गाडीचं वजन किती भरलं, हे सगळं त्याच्याच तोंडून कळतं. मुकादम प्रामाणिक असेलही. पण तो खरं सांगतोय का, हे ताडून बघायची सोय कोणाकडेच नसते. तिथे मजुरी वाढवून मागणं लांबच राहिलं, आपलं देणं नेमकं किती हेच माणसाला कळत नाही. या लोकांसाठी दोन-तीन आठवड्यांचे आकडे, वजनं आणि पावती वाचण्याचे वर्ग निघण्याआधी गावातच घ्यायला हवेत, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे.

आता तुमच्या प्रश्नातला तो 'खरंच' शब्द. अर्थतज्ज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. अमेरिकेतले बॅरी चिझविक आणि ऑस्ट्रेलियातले पॉल मिलर यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इस्रायल अशा देशांतल्या स्थलांतरितांची माहिती तपासली. तिथली भाषा चांगली येणारे जास्त कमावतात, हे त्यांना सगळीकडे दिसलं. पण चौकस माणूस लगेच विचारेल की भाषा शिकणारा मुळातच हुशार आणि कष्टाळू असेल, मग कमाई भाषेमुळे वाढली की त्याच्या स्वभावामुळे? शंका रास्त आहे. हॉइट ब्लीकली आणि एमी चिन यांनी २००४ मध्ये तिला चांगलं उत्तर दिलं. लहानपणी अमेरिकेत आलेल्या माणसांची त्यांनी तुलना केली. अगदी कोवळ्या वयात आलेल्यांना इंग्रजी आपसूक आलं, थोडं मोठेपणी आलेल्यांना तितकं आलं नाही. कोणत्या वयात यायचं हे काही मुलांनी ठरवलेलं नसतं, त्यामुळे हुशारीचा प्रश्न बाजूला पडतो. तरीही कमाईत फरक राहिलाच. आणि त्यातला बराचसा फरक शिक्षणातून आला होता: भाषा आली म्हणून ती मुलं शाळेत जास्त शिकली, आणि जास्त शिकली म्हणून जास्त कमावती झाली.

मला स्वतःला डेन्मार्कचा अनुभव जास्त पटतो, कारण तो वर्गाबद्दलच आहे. १९९९ च्या सुरुवातीला तिथे नियम बदलला आणि त्यानंतर आलेल्या निर्वासितांना डॅनिश भाषेच्या जास्त तासिका मिळाल्या. आधी आलेले आणि नंतर आलेले यांची पुढे तुलना झाली. जास्त शिकलेल्यांची कमाई जास्त राहिली आणि अठरा वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. पण तो फरक वर्ग चालू असताना दिसला नव्हता, वर्ग संपल्यावर दिसू लागला. पहिल्या सहा महिन्यांत 'काय फायदा झाला' असं विचारणाऱ्या घरांना मी हे नेहमी सांगते.

आपल्याकडचा आकडा हवा असेल तर तोही आहे, मात्र तो देशातल्या इंग्रजीचा आहे, परदेशातल्या भाषेचा नाही. मेहताबुल अझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी २०१३ मध्ये दाखवलं की वय, शिक्षण, समाज वगैरे सगळं जमेस धरूनही सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची मजुरी इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त होती. थोडंफार येणाऱ्यांची १३ टक्के जास्त. हे दोन आकडे जाहिरातींत सर्रास वापरता येतील असे आहेत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र जाहिरातीत कधी येणार नाही: तरुण कामगारांत इंग्रजीचा हा फायदा फक्त जास्त शिकलेल्यांनाच मिळत होता. नुसती भाषा पैसे देत नाही. हातात कौशल्य असेल तर भाषा त्याची किंमत वसूल करून देते. तुमच्या दोन्ही मुलांच्या हातात कौशल्य आहे, म्हणून तर हा हिशोब मांडण्यात अर्थ आहे.

आता मुलीचं बघू. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. जर्मनीत आपल्याकडची नर्सिंगची पात्रता आपोआप चालत नाही, ती तिथल्या राज्याकडून मान्य करून घ्यावी लागते, आणि परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी बी-टू लागतं. मान्यता मिळेपर्यंत ती सहायक म्हणून काम करते, सहायकाच्या पगारावर. म्हणजे काम जवळपास तेच, दवाखाना तोच, आणि पगारातला फरक एका कागदामुळे, ज्या कागदाचा मोठा भाग भाषा आहे. बी-वनवर जाऊन 'बाकीचं तिकडे शिकू' असं जे सांगतात, त्यांचं मी ऐकू नका म्हणेन. तीन पाळ्यांची नोकरी करत, थंडीच्या अंधारात, दमून घरी आल्यावर शिकणं फार अवघड जातं. काहींना जमतं. पण माझ्या बघण्यातल्या बऱ्याच मुली दोन-दोन वर्षं सहायक राहिल्या, आणि इथे आणखी चार महिने दिले असते तर ते टळलं असतं.

वेळ किती लागतो? गटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपण ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतो, ते सुरुवातीपासून बी-टू पर्यंत सुमारे ६०० ते ८०० तासिका धरतं, पाऊण तासाची एक. रोज चार तासिका केल्या तर आठ-दहा महिने, वर मध्ये लग्नसराई, आजारपण आणि एखादी नापास परीक्षा धरा. वर्ष-सव्वा वर्ष हा अंदाज प्रामाणिक आहे. तीन महिन्यांत बी-टू करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभंसुद्धा राहू नका.

प्रमाणपत्र आणि जीभ या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. माझी एक विद्यार्थिनी, साक्री तालुक्यातली, चांगल्या गुणांनी बी-टू झाली. दक्षिण जर्मनीत पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, रडत होती. म्हणाली, "ताई, हे लोक पुस्तकातलं बोलतच नाहीत." बोलतील कसे? सत्तर-ऐंशी वर्षांचे पेशंट त्यांच्या गावची बोली बोलतात, आणि पाळी बदलताना होणारी रुग्णांच्या माहितीची देवाणघेवाण भरभर, अर्ध्या शब्दांत होते. मी तिला विचारलं, की आपली आजी शहरातल्या डॉक्टरशी कोणतं मराठी बोलते? तिला एकदम हायसं वाटलं. तेव्हापासून शेवटचे दोन महिने मी वर्गात व्याकरण बाजूला ठेवते आणि फक्त ऐकवते: फोन, पाळीचा निरोप, तक्रार करणारा नातेवाईक.

महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात भाषेच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. अशा सरकारी मार्गाची चौकशी आधी करा, खाजगीची नंतर.

मुलाचं वेगळं. आखातातल्या साइटवर हिंदी-उर्दूवर दिवस निघतो, हे खरंच आहे. फोरमन बहुधा भारतीय नाहीतर पाकिस्तानी, खोलीत आपलीच माणसं. म्हणून तिथे भाषेची अट नसते, आणि म्हणूनच तिथे भाषेचा मोबदला सुरुवातीला दिसत नाही. पण वेल्डरची शिडी बघा. पाइपवरची सिक्स-जी, म्हणजे वेल्डरची अवघड मानली जाणारी टेस्ट हातावर पास होते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पाइपांची आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे तिरकस आराखडे वाचणं आणि वेल्डिंगची पद्धत लिहिलेला डब्ल्यूपीएसचा कागद समजणं. ते सगळं इंग्रजीत. जो तो कागद वाचतो तो चार जणांना काम वाटून देतो, आणि फोरमनकी त्याच्याकडे येते. आणखी एक गोष्ट पैशापलीकडची आहे: बंद टाकीत उतरण्याआधीचा परवाना, गॅसची सूचना, धोक्याची पाटी. हे न कळण्याची किंमत पगारात मोजता येत नाही.

करार हा तिसरा भाग. आखाती देशांत तो अरबी आणि इंग्रजीत असतो, आणि वाद झाला तर सहसा अरबी मजकूर ग्राह्य धरतात. अरबी शिकायला कोणी सांगत नाही. पण मूळ पगार, जादा तासांचा दर, राहणं-जेवण कोणाकडे, परतीचं तिकीट आणि करार मोडायची अट, ही पाच कलमं इंग्रजीत स्वतः वाचता आलीच पाहिजेत. एजंट नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. निघण्याआधी तेही मुलानं स्वतः उघडून बघावं, एजंटाच्या मोबाइलवर नाही. याला वर्ष लागत नाही. रोज एक तास, तीन महिने, तेही फक्त कामाचं इंग्रजी: अवजारं, मापं, सूचना आणि करार. त्याला कादंबरी वाचायची नाहीये.

आणि मुलाला थोडं थांबायची तयारी असेल, तर जपानचा विचार करा. एप्रिल २०१९ पासून तिथे कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा आहे, भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्याला जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी किंवा त्या तोडीचं जपानी आणि त्या त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. त्याच्या कामाची परीक्षा आपल्याकडे कधी आणि कुठे होते ते आधी बघा, मगच फी भरा. जपानीची लिपी अवघड आहे. पण वाक्याची मांडणी आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. 'मी भात खातो' हा क्रम तिथे जसाच्या तसा चालतो, त्यामुळे इंग्रजीत अडखळणारी आपली मुलं जपानी बोलायला लवकर लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

भाषांमधलं हे अंतर खर्चात मोजलं जातं. चिझविक-मिलर यांनीही ते मोजलं: आपल्या भाषेपासून नवी भाषा जितकी लांब, तितकी ती शिकायला जड. खान्देशी माणूस सुरतेला इतक्या सहज रुजला त्याचं एक कारण हेच असावं, असं मला वाटतं. आपलं अहिराणीतलं 'शे' आणि त्यांचं 'छे' यांत अंतर किती? माझे वडील पुण्याला गेले असते तर त्यांच्या बोलण्याला लोक हसले असते. सुरतेत हसलं नाही कोणी.

आणि हसण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या वर्गातलं निम्मं काम त्यावरच जातं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या गटात, म्हणजे अहिराणी आणि तिच्या जवळच्या बोली मातृभाषा सांगणारे, साडेअठरा लाखांवर लोक होते. त्यातल्या कित्येक मुलांना शाळेत 'शुद्ध बोल' म्हणून गप्प बसवलेलं असतं. चुकलं तर हसतील, ही भीती इतकी खोल बसते की जर्मन शिकतानासुद्धा तोंड उघडत नाही. लेखी परीक्षेत पहिली, तोंडीत नापास, अशा मुली मी दर वर्षी बघते. परदेशात कमाई ठरवणारी भाषा म्हणजे तोंडातून निघणारी भाषा. म्हणून पहिल्या दिवशी मी फळ्यावर अहिराणीत लिहिते, 'माले समजनं नही', आणि त्याखाली जर्मन: 'इश हाबे दास निश्त फेरश्टांडन'. हे वाक्य प्रत्येकानं उभं राहून, मोठ्यानं, न लाजता म्हणायचं. वॉर्डात औषधाचं प्रमाण नीट ऐकू आलं नाही आणि लाजेनं मान डोलावली, तर पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. जे मूल घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि मामाच्या सुरतेत गुजराती बोलतं, त्याला पाचवी भाषा जड नाही. त्याला फक्त कोणीतरी हे सांगायला हवं की त्याची पहिली भाषा चूक नव्हती.

भाषेनं काय होत नाही, तेही सांगते. ओळखीच्या जाळ्यापुढे ती पुष्कळदा कमी पडते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी मुंबईत दादरच्या शाळांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार जातींतल्या मुलांना नात्यागोत्यातून गिरणी-कारखान्यातलं काम ठरलेलं असायचं, म्हणून इंग्रजीचा मोबदला वाढत असतानाही आईबाप मुलग्यांना मराठी माध्यमातच घालत राहिले. मुलींसाठी असं कोणतंच जाळं नव्हतं, म्हणून त्या इंग्रजीकडे वळल्या आणि आपल्या भावांच्या पुढे गेल्या. तुमच्या घरातही तेच होताना दिसतंय. मुलाला आखात मिळतंय ते गावातल्या कोणाच्या तरी ओळखीनं, बरोबर? ती ओळख आज उपयोगाची आहे, तिला नाव ठेवू नका. पण ती त्याला जिथे नेईल तिथेच ठेवेल, पुढे नेणार नाही.

पैशाचं शेवटी. संपूर्ण कोर्सची फी एकरकमी कुठेही भरू नका. एका पायरीची भरा, परीक्षा होऊ द्या, मग पुढची. क्लास निवडताना इमारत बघू नका, मागच्या तुकडीतल्या तीन मुलींशी बोला आणि तोंडी परीक्षेत किती गुण होते ते विचारा. प्रमाणपत्र अधिकृत परीक्षा केंद्राचंच हवं, क्लासच्या लेटरहेडवरचं वकिलातीत चालत नाही. जमिनीवर बोजा चढवून यातलं काहीही करायची गरज नाही. मुलीनं धुळ्याची नोकरी ए-टू पर्यंत चालू ठेवली तरी चालतं. बी-वनपासून मात्र नोकरी आणि अभ्यास एकत्र झेपत नाही, तेव्हाचा घरखर्च आत्ताच बाजूला काढा.

आणि भाऊ, तुमच्या पत्रात मुलाला काय मिळतंय ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे. मुलीला जायचंय का, हे कुठेच आलेलं नाही. आठशे तासिका तिला बसायचंय. आज संध्याकाळी तिलाच विचारा, आणि तिचं उत्तर मला कळवा.